संशोधन सहकार्याची मोजणी देशांच्या संख्येवर थांबू नये

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

विद्यापीठांच्या जागतिक क्रमवारीच्या बातम्यांत अलीकडे आंतरराष्ट्रीय संशोधन सहकार्याचा निकष दिसू लागला आहे. क्यूएस क्रमवारीने 2024च्या आवृत्तीपासून त्याला 5 टक्के भार दिला आहे. मात्र असे सहकार्य मोजतात कसे, हे बातमीत सहसा नसते आणि ते वाचकांना कळायला हवे.

रूढ पद्धतीत शोधनिबंधावर दोन देशांतील संस्थांचे पत्ते असले, की तो आंतरराष्ट्रीय ठरतो. या हिशेबाने नेदरलँड्समधील लायडन आणि बेल्जियममधील अँटवर्प या जेमतेम शंभर किलोमीटरवरच्या शहरांतील शास्त्रज्ञांचे काम आंतरराष्ट्रीय, तर सुमारे 2 हजार किलोमीटर दूर असलेल्या पुणे आणि गुवाहाटीतल्या शास्त्रज्ञांचे काम देशांतर्गत. मोठ्या देशांवर हा सरळ अन्याय आहे. लायडन विद्यापीठातील संशोधकांनी 2011 मध्ये देशांऐवजी पत्त्यांमधील अंतर मोजले, तेव्हा दर निबंधामागील सरासरी अंतर 1980 मधील 334 किलोमीटरवरून 2009 मध्ये 1,553 किलोमीटरवर गेल्याचे आढळले. ही मोजपट्टी मला अधिक प्रामाणिक वाटते.

तरीही कोणी किती काम केले, हे अंतरावरून कळत नाही. हिग्ज बोसॉन या मूलकणाच्या वस्तुमानावरील 2015च्या निबंधाला 5,154 लेखक होते आणि त्याच्या 33 पानांपैकी 24 पाने लेखक व संस्थांच्या यादीनेच व्यापली होती. पूर्ण मोजणीत असा निबंध सहभागी असलेल्या प्रत्येक देशाच्या खात्यावर अख्खा जमा होतो; श्रेय लेखकसंख्येच्या प्रमाणात वाटले, तर काही देशांच्या वाट्याला जवळपास काहीच उरत नाही. ही वाटणीही पुरेशी नाही. जून 2023 मध्ये शास्त्रज्ञांच्या युरोपीय गटाने भारतीय-जपानी गटासह पल्सार, म्हणजे ठरावीक लयीत रेडिओ स्पंद पाठवणाऱ्या ताऱ्यांच्या निरीक्षणांतून गुरुत्वीय लहरींचे पुरावे मांडले, तेव्हा युरोपातील दुर्बिणींच्या जोडीला नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीची निरीक्षणे होती. ताऱ्यांच्या दरम्यानच्या अवकाशातील आयनित (विद्युतभारित) वायूमुळे रेडिओ स्पंदांना होणारा विलंब कमी वारंवारितेवर ठळक दिसतो, त्यामुळे तो अचूक मोजून वजा करायला ही निरीक्षणे मोलाची ठरतात. खोडदच्या दुर्बिणीचे हे काम लेखकांची डोकी मोजून दिसणार नाही.

म्हणून आपल्या वृत्तपत्राने क्रमवारीच्या बातमीत मोजणी पूर्ण आहे की प्रमाणशीर, हे अवश्य नमूद करावे आणि विद्यापीठांनी सहकार्याचे आकडे जाहीर करताना, कोणत्या कामात आपल्या माणसांनी आणि उपकरणांनी नेमके काय केले, याचाही तपशील द्यावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, पुणे