वहिनी, पिशवीची घाई नको

ब्रिस्बेन,
१२ ऑगस्ट

प्रिय वहिनी,

स. न. वि. वि.

फोन सोडून पत्र का, असं वाटलं असेल. आपल्या घरात फोन कायम स्पीकरवर, आणि ओट्यावर कोण बसलंय ते मला इथून दिसत नाही. पत्र मात्र तू एकटीने वाचशील.

परवा आई सहज बोलून गेली, "तिचं अंगावरून पांढरं जातंय, डॉक्टर म्हणाले गर्भाची पिशवी काढून टाका, नाहीतर पुढं कॅन्सर होईल. दिवाळीनंतर उरकून घेऊ." वहिनी, तू पस्तीस वर्षांची आहेस. उरकून घ्यायला ते काय बोअरचं काम आहे?

पांढरं जाणं म्हणजे कॅन्सर नव्हे. वास येत असेल, खाज असेल तर बहुतेक वेळा जंतुसंसर्ग असतो आणि तो गोळ्यांनी बरा होतो. (कधीकधी नवऱ्यालाही गोळ्या घ्याव्या लागतात. दादाचं तोंड मला इथून दिसतंय.) पण दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त जात असेल, तर एक दिवसही थांबू नकोस. काहीही असो, आधी तपासणी. सही त्यानंतर. पिशवीबरोबर अंडाशयही काढली तर पाळी एकदम बंद होते, अंगाची आग होते, हाडं लवकर ठिसूळ होतात. हे ऑपरेशनआधी कुणी सांगत नाही. बीडमध्ये २०१९ साली सरकारी समितीने ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यातल्या कितीजणींना असंच 'पुढं कॅन्सर होईल' म्हणून भिववलं असेल?

पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर एका विषाणूमुळे होतो. त्याचं नाव एचपीव्ही. तो बहुतेकींच्या अंगात कधी ना कधी येतो आणि आपोआप जातो. काहीजणींच्यात मुक्काम ठोकतो, पण त्याचा कॅन्सर व्हायला साधारण पंधरा-वीस वर्षं लागतात. म्हणजे तपासून पकडायला भरपूर वेळ मिळतो.

इथे ऑस्ट्रेलियात वयाच्या पंचविशीनंतर दर पाच वर्षांनी एचपीव्ही तपासणीचं पत्र घरी येतं. गेल्या महिन्यात मी गेले. नर्सने कापूस लावलेली एक लांब काडी हातात दिली आणि पडद्यामागे जा म्हणाली. आपली आपणच आत फिरवायची, नळीत घालून परत द्यायची. मिनिटभराचं काम. २०२२ पासून कुणीही बाई असं स्वतः करू शकते. मला तर मनात वाटलं, एवढ्यासाठी आमच्या बायका आयुष्यभर लाजतात!

आणि खरी गंमत पुढे आहे. ही तपासणी जीव वाचवते हे जगाला कुठून कळलं? आपल्याच उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातून. १९९९ पासून बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलने टाटा मेमोरियलबरोबर गावोगावच्या तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास केला. एका गटाची एकदाच एचपीव्ही तपासणी झाली. आठ वर्षांत त्या गटात या कॅन्सरने ३४ जणी गेल्या, आणि जवळपास तेवढ्याच मोठ्या, तपासणी न झालेल्या गटात ६४. आपल्या गावात जीप यायची ती त्याचीच. शाळेच्या खोलीत सिस्टर चित्रं दाखवायच्या, आम्हा पोरांना हाकलून लावायच्या. आई जाऊन आली आणि म्हणाली, "चार मिनटं बी लागली नाहीत." तिला आठवण करून दे. स्वतः गेली होती, सुनेला का नको?

तर बार्शीला जाऊन ये. त्या डॉक्टरांचे कागद, सोनोग्राफी सगळं घेऊन जा आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घे. एचपीव्ही तपासणीचं विचार. ती जमली नाही तर पिशवीच्या तोंडाला व्हिनेगर लावून बघतात, मिनिटभरात खराब भाग पांढरा दिसतो. सरकारी दवाखान्यातही तिशीनंतरच्या बायकांसाठी ही सोय आहे.

छकुली आता बाराची झाली ना? तिला एचपीव्हीची लस देऊन टाका. जगभर वापरली जाणारी ही लस ज्या शोधातून निघाली तो याच ब्रिस्बेनच्या विद्यापीठातला. इथे २००७ पासून शाळेतच मुलींना देतात, २०१३ पासून मुलग्यांनाही. आता पुण्याच्या सीरमचीही निघाली आहे, सर्व्हाव्हॅक नावाची. नऊ ते चौदा वयात दोन डोस पुरतात. पैसे मी पाठवते, दादाला काही सांगू नकोस. किंवा सांग. त्याला वाटेल मी बाहुली पाठवतेय.

मंगळवारी रात्री नऊला तुझ्या फोनवर करीन. शेजारी कुणी असलं तर फक्त 'शेंगदाण्याची चटणी पाठवली' म्हण. बार्शीची तारीख ठरली, असं मी समजेन.

तुझी नणंद