एमआरआयच्या रिपोर्टवर नाव नसलेल्या ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

माझ्या लेकाचा एमआरआय तुम्ही काढलात, पण तुमचं नाव मला माहीत नाही. पुण्याच्या त्या सेंटरमध्ये सगळे तुम्हाला नुसतं 'मॅडम' म्हणत होते. रिपोर्टवर तपासणीला पाठवणाऱ्या डॉक्टरांचं नाव आहे, खाली रेडिओलॉजिस्टची सही आहे, मशीनच्या चुंबकाची ताकद ३ टेस्ला होती हेसुद्धा छापलंय. ती चित्रं काढली कुणी, याची मात्र कुठेच नोंद नाही. म्हणून हे उघड पत्र. तुमच्यापर्यंत पोचलं तर आनंदच, नाहीतर तुमच्यासारखं काम करणारं कुणीतरी वाचेल.

आमचा लेक चार वर्षांचा असल्यापासून त्याला झोपेत झटके येतात. डावा हात ताठ होतो, तोंड एका बाजूला ओढलं जातं, घशातून आवाज निघतो आणि मिनिटभराच्या आत सगळं संपतं. घरच्यांनी कांदा फोडून नाकाशी धरला, अंगारा लावला. गोळ्याही पहिल्यापासून चालूच होत्या. आधी लेव्हेटिरासिटाम, मग जोडीला ऑक्सकार्बाझेपिन. दोन योग्य औषधं पुरेशा डोसमध्ये देऊनही झटके थांबत नसतील तर नुसतं तिसरं औषध लिहून भागत नाही, कारण नव्याने शोधायला हवं, असं बालमेंदूतज्ज्ञांनी आम्हाला सांगितलं. त्यांच्या चिठ्ठीवर आम्ही तुमच्याकडे आलो.

पहिला एमआरआय आधी दुसरीकडे झाला होता. ५ मिलिमीटरचे जाड काप, दोन कापांमध्ये थोडी फट, शिवाय लेक हलल्यामुळे काही चित्रं पुसट. रिपोर्ट नॉर्मल. त्या तपासणीला मी सरसकट नावं ठेवणार नाही. आपल्याकडे मुलाला झटका आला की आधी बघतात ते मेंदूत क्षयाची किंवा जंताची गाठ आहे का, जन्मताना ऑक्सिजन किंवा साखर कमी पडल्याच्या खुणा आहेत का. तेवढं त्यातून कळलं. पण फाईलला नॉर्मल रिपोर्ट लागला की पुढचा प्रत्येकजण तो वाचून पान उलटतो, याचा अनुभव आम्ही घेतलाय.

तुमच्याकडेही काउंटरवर पावती झाली ती 'एमआरआय ब्रेन, प्लेन' अशीच. तुम्ही पावती बाजूला ठेवली आणि फाईल मागितलीत. ईईजीचा, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरींच्या तपासणीचा, रिपोर्ट वाचलात, मग मला विचारलंत, झटक्यात आधी कुठला हात ताठ होतो? डावा म्हटल्यावर तुम्ही रेडिओलॉजिस्टना फोन लावला आणि फाईल घेऊन त्यांच्या खोलीत गेलात. परत आल्यावर म्हणालात, "एपिलेप्सीचा, म्हणजे अपस्मारासाठीचा खास प्रोटोकॉल करू. वेळ जास्त लागेल, पण उजवा फ्रंटल, म्हणजे कपाळामागचा भाग, नीट बघायला हवा." डावा हात म्हणजे मेंदूची उजवी बाजू, एवढं मला तेव्हा कळलं. बाकीचं नंतर वाचून समजलं. जगभरातल्या अपस्मारतज्ज्ञांच्या संघटनेने, इंटरनॅशनल लीग अगेन्स्ट एपिलेप्सीने, २०१९ मध्ये अशा तपासणीसाठी किमान तीन गोष्टी सुचवल्या आहेत: थ्रीडी टी-वन, थ्रीडी फ्लेअर आणि हिप्पोकॅम्पसला (मेंदूतल्या आठवणींशी जोडलेल्या भागाला) काटकोनात घेतलेले बारीक टी-टू काप. टी-वन, टी-टू, फ्लेअर ही चित्रं घेण्याच्या पद्धतींची नावं. थ्रीडीमध्ये काप साधारण १ मिलिमीटरचे आणि मधे फट नाही. म्हणजे डॉक्टरांना मेंदू हव्या त्या बाजूने फिरवून बघता येतो.

आता झोपेच्या औषधाबद्दल. लेकाला उपाशी ठेवून आणलं होतं, भूलतज्ज्ञही होते. पण तुम्ही म्हणालात, सात वर्षांचा आहे, आधी त्याच्याशी बोलून बघू. मोबाईलवर मशीनचे आवाज त्याला एकेक करून ऐकवलेत. तो म्हणाला, ही तर बोअर मारायची गाडी! तुम्ही हसलात आणि म्हणालात, बरोबर, आणि बोअर चालू असताना कुणी हलायचं नाही. मग त्याचा करदोडा काढला. दंडावर सासूबाईंनी बांधलेला ताईत होता, धातूच्या पेटीतला. त्यांचं तोंड उतरलेलं पाहून तुम्ही तो स्वतः सोडवलात आणि त्यांच्याच हातात दिलात: "आजी, तपासणी होईस्तोवर तुम्ही धरा." हे मशीन बंद नसतंच, ते पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे ६०,००० पट ताकदीने सतत ओढत असतं, हे त्यांना सांगून काय उपयोग होता? तुम्ही सांगितलंही नाहीत. त्या दारात पाटी लावणारे पुष्कळ असतात, पण म्हातारीची समजूत काढणारं माणूस विरळा.

मला दागिने उतरवून, कानात बोळे घालून आत बसू दिलंत. मी त्याचा पाय धरून होते. फ्लेअर चालू असताना त्याला खोकला आला. मला वाटलं, एवढ्याने काय होतंय. काचेपलीकडून तुमचा आवाज आला, "छान झोपलायस, पण हा भाग परत घेऊया." बाहेर पुढचे पेशंट खोळंबले होते, कुणीतरी दारही वाजवलं. पाच-सहा मिनिटांची ती सगळी मालिका तुम्ही पहिल्यापासून घेतलीत. घेतली नसती तरी तुम्हाला विचारायला कुणी आलं नसतं.

त्याच मालिकेत सापडलं. उजव्या फ्रंटलमध्ये एका खाचेच्या तळाशी मेंदूचं साल किंचित जाड, कडा धूसर, आणि तिथून आत पोकळीपर्यंत गेलेली एक बारीक पांढरी रेघ. फोकल कॉर्टिकल डिसप्लेझिया. गर्भात मेंदू घडताना तेवढ्याशा जागेतल्या पेशी नीट लागल्या नाहीत. १९७१ मध्ये लंडनला डेव्हिड टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दोषाचं वर्णन केलं, तेही शस्त्रक्रियेत काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून. आज तो कवटी न उघडता दिसतो, पण चित्र स्वच्छ असेल तर. डॉक्टरांनी जुनी सीडी पुन्हा लावून दाखवली. जागा कळल्यावरही तिथे ठाम बोट ठेवता येत नव्हतं.

हे वाचून एखादी आई घाईने एमआरआय करायला धावू नये म्हणून सांगते. शेजारच्या मुलीला अ‍ॅबसन्सचे झटके होते, टक लावून बघत राहायची. तिचा ईईजी ठरावीक नमुन्याचा निघाला आणि आमच्याच डॉक्टरांनी तिला एमआरआय लागणार नाही म्हणून सांगितलं. साध्या तापातल्या आकडीलाही तो लागत नाही. तुमच्या बाकावर एक तान्हं बाळ घेऊन बसलेली बाई होती, तिला बाळ दोन वर्षांचं झाल्यावर पुन्हा यायला सांगितलं होतं. लहानपणी मेंदूतल्या तारांवर मायेलिनचं वेष्टण चढत असतं, त्या काळात असे बारीक दोष लपू शकतात. ती वैतागली होती. मला मात्र ते खरं सांगणं वाटलं.

आता पुढचं. व्हिडिओ ईईजी झाला, झटका त्याच बाजूने सुरू होतोय. पेट स्कॅनमध्येही तीच जागा साखर कमी वापरताना दिसली. कागदपत्रं आणि तुमची सीडी आम्ही तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत दाखवली, तिथे १९९५ पासून अपस्माराच्या शस्त्रक्रिया होतात. तिथल्या डॉक्टरांनी चित्रं पाहिली आणि हा एमआरआय पुन्हा करायची गरज नाही म्हणाले. फक्त फंक्शनल एमआरआय, म्हणजे काम करताना मेंदूचा कुठला भाग जागा होतो ते दाखवणारा, हवाय, कारण ती जागा डावा हात हलवणाऱ्या भागाच्या जवळ आहे. त्यात सांगितल्यावर डाव्या हाताची बोटं हलवायची आणि बाकी अंग स्थिर ठेवायचं. लेक घरी पलंगावर पडून सराव करतो. शस्त्रक्रिया करायची की नाही, हे त्यानंतर ठरेल. निर्णय सोपा नाही, पण निदान आता ठरवायला काहीतरी हाताशी आहे.

एक विचारायचं राहिलं. मशीनच्या आवाजांचं ते रेकॉर्डिंग तुम्ही माझ्या मोबाईलवर पाठवलं होतंत. ते मी ओपीडीत भेटलेल्या दोघी-तिघींना पुढे पाठवलंय, त्यांची मुलंही आता बोअर-बोअर खेळतात. तुमची हरकत नसेल ना?

तुमची कृतज्ञ,
दुसरीतल्या एका मुलाची आई, कराड