नव्वदीनंतरचे नव्वद दिवस

मा. संपादक,
स.न.

दहशतवादाच्या आरोपाखाली कुणाला अटक झाली की बातमीच्या शेवटी एक वाक्य हमखास असते: ‘यूएपीएखाली (बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा) आरोपीला आरोपपत्राविना १८० दिवस कोठडीत ठेवता येते.’ हे अर्धेच खरे आहे. कायद्याने तपास यंत्रणेला दिलेली मुदत ९० दिवसांची आहे. पुढचे ९० दिवस मागावे लागतात आणि काही अटी पुऱ्या झाल्या तरच न्यायालयाने ते द्यायचे असतात. विशेष न्यायालयांत रोज वावरणाऱ्या आम्हा वकिलांना मात्र हे मागणे आणि देणे निव्वळ रिवाज झालेले दिसते.

२६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर महिन्याभरातच यूएपीएमध्ये कलम ४३ड आले. त्याने पोलीस कोठडीची कमाल मर्यादा १५ वरून ३० दिवस केली, अटकपूर्व जामिनाचा दरवाजा बंद केला आणि आरोपपत्राची मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवण्याची सोय केली. सोय जुनीच. टाडा या जुन्या दहशतवादविरोधी कायद्यात १९९३ च्या दुरुस्तीने ती आली, संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या आपल्या मोक्कात १९९९ पासून आहे. मुदतवाढीसाठी सरकारी वकिलांचा अहवाल लागतो आणि त्यात दोन गोष्टी असाव्या लागतात: तपास कुठवर आला, आणि या आरोपीला ९० दिवसांपुढे कोठडीत ठेवण्याची विशिष्ट कारणे कोणती. पहिली गोष्ट तपासाबद्दलची, दुसरी माणसाबद्दलची. सगळी गडबड होते ती दुसऱ्या गोष्टीत.

साधारण ८५ ते ८९ व्या दिवशी अर्ज येतो. दोन-तीन पाने असतात. कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडून मोबाइल आणि हार्ड डिस्कचा अहवाल यायचा आहे, बँक खात्यांचे तपशील मागवले आहेत, फरार आरोपींचा शोध चालू आहे, खटल्यासाठी सरकारची मंजुरी बाकी आहे. यातले प्रत्येक कारण खरे असू शकते. पण प्रयोगशाळेत सीलबंद पडलेल्या हार्ड डिस्कचे काम आरोपी तुरुंगात असल्याने लवकर होत नाही आणि तो बाहेर असल्याने अडतही नाही. ‘तपासाला वेळ हवा’ एवढ्यावर ‘म्हणून आरोपी आत हवा’ हे सिद्ध होत नाही. तो साक्षीदारांवर दबाव आणेल, पुरावा नष्ट करेल, पळून जाईल, असे काही असेल तर ते त्या आरोपीपुरते, नाव घेऊन लिहायला हवे. पाच आरोपींसाठी एकच परिच्छेद चालत नाही. मंजुरीचे कारण तर आता टिकूच नये. मंजुरीविना दाखल झालेले आरोपपत्रही या मुदतीपुरते पुरेसे असते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे.

सरकारी वकील म्हणजे टपाल कार्यालय नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्येच हितेंद्र विष्णू ठाकूर प्रकरणात बजावले. तपास अधिकाऱ्याने दिलेला कागद पुढे सरकवण्यापुरते त्यांचे काम नाही. कागदपत्रे वाचून, मुदतवाढ मागावी की नाही हे त्यांनी स्वतः ठरवायचे असते. भीमा कोरेगाव प्रकरणात याच मुद्द्यावर मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये मुदतवाढ रद्द केली. फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा कायम केली. त्यामुळे अहवालाच्या स्वरूपाची छाननी सैल पडली, असे आमचे मत आहे.

आरोपीला यातले काय कळते? संजय दत्त प्रकरणात १९९४ च्या घटनापीठाने सांगितले की लेखी नोटीस गरजेची नाही. आरोपीला न्यायालयात हजर करून, मुदतवाढीचा विचार चालू आहे एवढे कळवले की पुरे. २०२२ मध्ये गुजरातच्या एका प्रकरणात तेवढेही न करता दिलेल्या मुदतवाढी सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा ठरवल्या, हे चांगलेच झाले. पण सरकारी वकिलांच्या अहवालाची प्रत मात्र आरोपीला मिळत नाही. व्हिडिओ कॉन्फरन्सच्या पडद्यावर दोन मिनिटे दिसणारा माणूस न वाचलेल्या कागदाला काय हरकत घेणार? अटकेची कारणे लेखी द्यायलाच हवीत, असे मे २०२४ मध्ये यूएपीएच्याच एका प्रकरणात ठरले. मग कोठडी दुप्पट करण्याची कारणे तोंडी का?

वेळेत आरोपपत्र आले नाही तर मिळणाऱ्या डिफॉल्ट जामिनाबद्दलही गैरसमज फार. हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधून (जीवित आणि स्वातंत्र्याचा हक्क) येणारा मूलभूत हक्क आहे, असे २०२० मध्ये बिक्रमजीत सिंग निकालाने सांगितले. पण तो आपोआप पदरात पडत नाही, मागावा लागतो. दिवस पहिल्या रिमांडपासून, म्हणजे न्यायालयाने पहिल्यांदा कोठडी दिली तेव्हापासून, मोजायचे आणि रिमांडचा तो दिवसही धरायचा. पहिली रिमांड १ जानेवारीची असेल आणि वर्ष लीप नसेल, तर ९० वा दिवस ३१ मार्च आणि १८० वा २९ जून. मुदतवाढ झालेली नसेल तर १ एप्रिलला सकाळी न्यायालय उघडताच अर्ज द्यावा आणि त्यावर तारखेबरोबर वेळही टाकून घ्यावी. तोंडी मागणीही चालते. तरी लेखी असलेले बरे. दुपारी पोलीस आरोपपत्र घेऊन आले, तरी सकाळी बजावलेला हक्क जात नाही. पण अर्जच केला नसेल आणि आरोपपत्र आले, तर हक्क तिथेच संपतो. जामीन मंजूर होऊन ठरल्या वेळेत हमीदार आणि रक्कम उभी राहिली नाही, तरीही संपतो. हमीदाराची कागदपत्रे आधीच तयार ठेवा, हे नातेवाइकांना ८० व्या दिवशी सांगावे लागते.

हे बारकावे कसे अंगाशी येतात याचे उदाहरण पुण्यातलेच आहे. भीमा कोरेगाव प्रकरणातल्याच आरोपी सुधा भारद्वाज यांच्या बाबतीत मुदतवाढ देणारे न्यायाधीश एनआयए (राष्ट्रीय तपास यंत्रणा) कायद्याखाली नेमलेले विशेष न्यायाधीश नव्हते, म्हणून त्यांना तो अधिकारच नव्हता, असे मुंबई उच्च न्यायालयाने १ डिसेंबर २०२१ रोजी म्हटले. त्यांचा अर्ज आरोपपत्रापूर्वीचा असल्याने त्या सुटल्या. सहआरोपींपैकी आठ जणांनी हा हक्क वेळेत बजावला नव्हता, असे म्हणून त्याच निकालात त्यांना जामीन नाकारला गेला. न्यायालय चुकीचे, पण तुरुंगात राहिले आरोपी.

ब्रिटनमध्ये हाच वाद दिवसांवर झाला. २००५ मध्ये ९० दिवसांचा प्रस्ताव त्यांच्या संसदेने फेटाळला, २००८ मध्ये ४२ दिवसांचा प्रस्ताव वरिष्ठ सभागृहात पडला आणि २०११ पासून आरोप ठेवण्याआधीच्या कोठडीची मर्यादा १४ दिवसांची आहे. तिथले आरोप ठेवणे आणि आपले आरोपपत्र एकच नव्हे, त्यामुळे तुलना तंतोतंत होत नाही. तरी तिथल्या सरकारला प्रत्येक वाढीव दिवसाची कारणे खुल्या सभागृहात द्यावी लागली.

आपल्याकडची खरी पोकळी मात्र १८० दिवसांनंतर सुरू होते. आरोपपत्र म्हणजे पोलिसांचे म्हणणे. न्यायालय आरोप ठेवते ते आरोप निश्चितीच्या वेळी. या दोहोंच्या मधल्या काळाला कोठडीची कसलीच कालमर्यादा नाही. मालेगावच्या २००६ च्या बॉम्बस्फोटात नऊ जणांना अटक झाली, आरोपपत्र डिसेंबर २००६ मध्येच आले. त्यांतल्या सात जणांना जामीन मिळाला तो नोव्हेंबर २०११ मध्ये. एप्रिल २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले, म्हणजे त्यांच्याविरुद्धचा खटला आरोप निश्चितीपर्यंत गेलाच नाही. भीमा कोरेगावात रोना विल्सन आणि सुधीर ढवळे यांना जानेवारी २०२५ मध्ये जामीन मिळाला, तेव्हा साडेसहा वर्षे होऊनही आरोप निश्चित झाले नव्हते आणि साक्षीदारांची यादी तीनशेवर होती.

विलंबाची कारणे कुणालाही विचारा, तीच येतात. हार्ड डिस्कच्या क्लोन (हुबेहूब) प्रती आरोपींना वेळेवर मिळत नाहीत, आणि त्या मिळेपर्यंत आरोपांवर युक्तिवाद होऊ शकत नाही. पुरवणी आरोपपत्रे येत राहतात. वेगवेगळ्या तुरुंगांतले आरोपी एका तारखेला एकत्र हजर होत नाहीत. दोषमुक्तीचे अर्ज आम्ही वकीलही करतो, त्यांनाही वेळ जातो, हे मान्य. एनआयए कायद्यात खटला रोजच्या रोज चालवा असे म्हटले आहे. फौजदारी प्रक्रियेच्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २६३ मध्ये आरोपांवरील पहिल्या सुनावणीपासून ६० दिवसांत आरोप निश्चित करा असेही आहे. पण ती पहिली सुनावणी कधी व्हावी, आणि ६० दिवस उलटले तर काय, हे लिहिलेले नाही. आरोप सकृद्दर्शनी खरे वाटले तर जामीन नाकारायला लावणाऱ्या ४३ड(५) मुळे जामिनाच्या वेळी पुराव्याचे वजन तपासता येत नाही, हे २०१९ च्या वटाली निकालापासूनचे. दीर्घ कैदेच्या कारणावरून २०२१ च्या नजीब निकालाने वाट काढली खरी, पण त्या प्रकरणातला आरोपी तोवर पाच वर्षांहून अधिक काळ आत होता.

आमच्या मागण्या मोजक्या आहेत. मुदतवाढीच्या अहवालाची प्रत, साक्षीदारांची नावे झाकून, सुनावणीच्या दोन दिवस आधी आरोपीच्या वकिलाला मिळावी. आदेशात तपासाची कारणे आणि कोठडीची कारणे प्रत्येक आरोपीसाठी वेगळी लिहावीत. या दोन्ही गोष्टी उच्च न्यायालय परिपत्रकाने करू शकते, संसदेची वाट पाहावी लागत नाही. संसदेने करायची दुरुस्ती एकच: आरोपपत्रानंतर वर्षभरात, आरोपीकडून विलंब नसताना, आरोप निश्चित झाले नाहीत तर ४३ड(५) चा अडसर त्या आरोपीपुरता उठावा.

आपले,
फौजदारी न्यायालयांत काम करणारे काही वकील, पुणे