चौथीपर्यंत 'ए, ॲन, द'च्या रिकाम्या जागा नकोत

माननीय शालेय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स. न. वि. वि.

मी गुहागर तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळांतून निवृत्त झालेली शिक्षिका. मागणी छोटी आहे. पहिली ते चौथीच्या इंग्रजीच्या चाचण्यांतून 'ए, ॲन, द'च्या रिकाम्या जागा काढून टाका, आणि ही उपपदं कानाने कशी शिकवायची ते शिक्षकांना दाखवा.

२००० साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. तेव्हापासून आमच्याकडच्या दुशिक्षकी शाळांत फळ्यावर तेच ते: ए, ई, आय, ओ, यू. या पाचांच्या आधी ॲन, बाकी सगळ्यांना ए. मुलं घडाघडा म्हणतात, आणि पहिल्याच युनिफॉर्मपाशी अडकतात. शेजारची तिसरीतली मुलगी परवा सरावपुस्तिका घेऊन आली. तिने 'ए युनिफॉर्म' लिहिलं होतं, म्हणजे अगदी बरोबर. त्यावर लाल फुली, कारण मागच्या उत्तरसूचीत 'ॲन युनिफॉर्म' छापलेलं. मुलीचा कान शाबूत होता, पुस्तिकेचा नव्हता.

नियम अक्षराचा नाहीच, उच्चाराचा आहे. आणि इथे आपल्या मुलांना एक आयती सोय आहे, ती म्हणजे देवनागरी. शब्द जसा ऐकू येतो तसा देवनागरीत लिहायचा. सुरुवातीला स्वर आला तर ॲन, व्यंजन आलं तर ए. अंब्रेला 'अं'ने सुरू होतो, ॲन. युनिफॉर्म 'य'ने, ए. तासाच्या इंग्रजी शब्दात लिहिताना सुरुवातीला एच असतो, पण ऐकू येतं 'अवर', म्हणून ॲन. 'वन रुपी कॉइन'मध्ये लिहायला ओ, ऐकायला 'व', म्हणून ए. एस आणि झेड ही दोन्ही इंग्रजीतली व्यंजनं, तरी ॲन एसटी बस आणि ए झेडपी स्कूल. दुसरीतल्या मुलाला हे एका तासात कळतं. बीएड झालेल्यांना वेळ लागतो, कारण त्यांना आधीचं पाठांतर विसरायचं असतं.

'द'चं दुखणं वेगळं. तिथे पाठांतराचा काही उपयोग नाही, समोरच्याला कुठली वस्तू ते ठाऊक आहे का एवढंच बघायचं असतं. आपल्या गोष्टींत हे मुलं रोज ऐकतात. 'एक राजा होता. त्या राजाला दोन राण्या होत्या.' आधी 'एक', मग 'तो'. इंग्रजी गोष्टीतही आधी 'ए किंग', मग 'द किंग'. अर्थात प्रत्येक 'तो'ला 'द' लागत नाही, पण सुरुवातीला एवढा धागा पुरतो.

मी मुलांना धोपाव्याच्या जेटीवर न्यायचे. वाशिष्ठीच्या खाडीत एखादी होडी दिसली की सगळी ओरडायची, "ए बोट!" दाभोळहून फेरीबोट सुटली की "द फेरी इज कमिंग!" कुठली फेरी, हे कुणी विचारत नसे. एकदा होडी दिसताच एक पोरगा "द बोट!" म्हणाला. बाकीची हसली, 'ए बोट म्हण' म्हणून त्याच्या मागे लागली. तो म्हणाला, "आमच्या बाबांची हाय ती." हे उत्तर कुठल्या रिकाम्या जागेत मावणार, आणि त्याला गुण कोण देणार?

इंग्रजी घरातल्या मुलांनाही उपपदं लगेच येत नाहीत. रॉजर ब्राउन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने तीन मुलांचं बोलणं दीर्घकाळ नोंदवून १९७३ साली निष्कर्ष मांडले. त्यात क्रियापदाचा 'इंग', 'इन' आणि 'ऑन', अनेकवचनाचा 'एस' हे सगळं उपपदांच्या आधी पक्कं झालेलं दिसतं. ज्यांच्या कानावर दिवसभर इंग्रजी पडतं त्यांची ही गत. आमच्या मुलांना ते शाळेच्या एका तासात भेटतं, आणि आपण मात्र गुण कापायला बसतो.

द अरेबियन सी, द कोकण रेल्वे, पण नुसतं रत्नागिरी, नुसतं चिपळूण. असले बारकावे सहावी-सातवीला ठेवा. (जाता जाता: आमदार पुष्कळ, म्हणून ॲन एमएलए. शिक्षणमंत्री राज्याला एकच, म्हणून द एज्युकेशन मिनिस्टर, आणि स्वराच्या आधी त्या 'द'चा उच्चार 'दी'. मुलांना हे उदाहरण फार आवडतं.)

साहित्यासाठी निधी लागत नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ साली याच किनाऱ्यावर, बोर्डीला, ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं ते आसपासच्या वस्तूंवर भिस्त ठेवूनच. माँटेसरी पद्धतीत नामासाठी मोठा काळा त्रिकोण असतो आणि उपपदासाठी छोटा फिकट निळा. जुन्या पुठ्ठ्याचे कापले तरी चालतात. वाक्य फळ्यावर लिहायचं, मुलांनी प्रत्येक नामावर काळा त्रिकोण ठेवायचा आणि त्याच्या आधी निळा लागतो का ते बोलून बघायचं.

तेव्हा एवढं करा. केंद्रशाळेच्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत एक सत्र फक्त या विषयाला द्या, आणि तिथे भाषण नको, मुलांसमोर पाठ घेऊन दाखवा. चौथीपर्यंत उपपदं तोंडी बोलण्यातच तपासा, तीही गुणांविना. शाळांत चालणाऱ्या सरावपुस्तिकांच्या उत्तरसूच्या इंग्रजी नीट येणाऱ्या माणसाकडून एकदा वाचून घ्या. आणि गोष्टींच्या ध्वनिफिती काढल्यात तर त्या मोबाइलवर उतरवून ठेवता येतील अशा द्या. आमच्या निम्म्या वाड्यांत रेंज नसते.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
ता. गुहागर, जि. रत्नागिरी