तारांजवळचा फ्लॅट: सुहासला पत्र

नाशिक

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. वाघोलीत उच्चदाबाच्या वीजवाहिनीजवळचा फ्लॅट घ्यावा का, म्हणून तू पाठवलेले फोटो आणि मंजूर नकाशा, दोन्ही नीट पाहिले. निर्णय शेवटी तुझा आणि वहिनींचाच. पण टोकन देण्याआधी हे पत्र वाचून घे.

सगळ्यात आधी चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या त्या मोबाइल अ‍ॅपचा स्क्रीनशॉट बाजूला ठेव. त्यातला ४३ मायक्रोटेस्ला (हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) हा आकडा लाइनचा नाही. पृथ्वीचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र आपल्याकडे ४०च्या आसपास असतंच. वाघोलीत तारांखाली उभा राहा नाहीतर सिंहगडावर जा, मोबाइल साधारण तेवढंच दाखवणार, कारण त्यातला सेन्सर कंपाससाठी बसवलेला आहे. तारांमुळे होणारं क्षेत्र सेकंदाला ५० आवर्तनांचं असतं आणि घरात ते बहुधा एक मायक्रोटेस्लाच्या खालीच भरतं. ते मोजायला वेगळं यंत्र लागतं. त्यावर पुढे लिहितो.

सेल्सवाल्याने ‘साधी ३३ची लाइन आहे’, म्हणजे ३३ केव्हीची (३३ हजार व्होल्टची), असं सांगितलं, ते खोटं आहे. मनोऱ्यावर टांगलेल्या चकत्या, म्हणजे इन्सुलेटरच्या डिस्क, मोजल्या की व्होल्टेज कळतं. ३३ केव्हीला साधारण तीन, १३२ला नऊ-दहा, २२०ला तेरा ते पंधरा, ४००ला तेवीस-चोवीस. तुझ्या फोटोत मी चौदा मोजल्या. दोन्ही बाजूंना तीन-तीन तारा आहेत, म्हणजे २२० केव्हीची डबल सर्किट, एकाच मनोऱ्यावर दोन वाहिन्यांची लाइन. (नव्या लाइनींवर चकत्यांऐवजी पॉलिमरचा लांब दांडा असतो, तिथे ही युक्ती चालत नाही.) मनोऱ्याच्या पायावरची डेंजरची पाटी आणि टॉवर नंबर बाहेरूनच झूम करून टिपून घे, वर चढू नकोस. जवळच लोणीकंदला महापारेषणचं (राज्याच्या वीज पारेषण कंपनीचं) ४०० केव्हीचं उपकेंद्र आहे, त्यामुळे त्या पट्ट्यात लाइनींचं जाळं असणार. ते कमी होण्यापेक्षा वाढण्याचीच शक्यता जास्त.

आता अंतर. इथेच बहुतेक लोक फसतात. नियमाचं सूत्र असं: ३३ केव्हीला इमारतीपासून आडवं अंतर २ मीटर आणि उभं ३.७ मीटर, त्यापुढे दर ३३ केव्हीला किंवा त्याच्या भागाला ०.३ मीटर वाढ. २२०ला हिशेब केला की आडवं ३.८ आणि उभं ५.५ मीटर येतं. केंद्रीय विद्युत सुरक्षा विनियमांत हेच आहे आणि राज्याच्या २०२०च्या एकत्रित विकास नियमावलीतही. हा ३.८चा आकडा दाखवून बिल्डर म्हणतो, ‘बघा, आपण तर किती लांब आहोत.’ पण हे अंतर वाऱ्याने पूर्ण कललेल्या तारेपासून मोजायचं असतं, मनोऱ्यापासून किंवा शांत लोंबणाऱ्या तारेपासून नाही. मनोऱ्याचा हात मध्यापासून पाचेक मीटर बाहेर येतो, दोन मनोऱ्यांच्या मध्ये झोळ मोठा असतो आणि वादळात ती झोळातली तार आणखी चार-पाच मीटर बाजूला जाते. त्यावर ३.८ मोजायचे. म्हणून २२० केव्हीसाठी एकूण ३५ मीटरचा पट्टा धरतात, लाइनच्या मध्यापासून दोन्हीकडे साडेसतरा. १३२ला २७ मीटर, ४००ला ४६ मीटर.

झोळही स्थिर नसतो. डिसेंबरच्या सकाळी तारा ताणलेल्या आणि वर दिसतात. मे महिन्याच्या दुपारी, लोड चढलेला असताना, त्याच तारा खाली येतात. साइट थंडीत पाहिलीस तर हे लक्षात ठेव. २२०च्या सगळ्यात खालच्या तारेने जमिनीपासून किमान ७ मीटर वर राहायला हवं, तेही जास्तीत जास्त झोळ धरून.

तुझ्या नकाशात ए विंगच्या बाल्कनीपासून लाइनच्या मध्यापर्यंत २२ मीटर लिहिलंय. खरं असेल तर पट्ट्याबाहेर साडेचार मीटर, म्हणजे कायद्यात बसतं. पण तो आकडा नकाशावरचा आहे. बाल्कनीला पुढे ग्रिल काढलं, पत्र्याची शेड टाकली की अंतर कमी होतं आणि नंतर कोणी विचारायला येत नाही. बिल्डरकडून महापारेषणचं ना-हरकत पत्र आणि लाइन आखलेला मंजूर लेआउट, दोन्हींच्या प्रती माग. तोंडी ‘एनओसी आहे’ ऐकून घेऊ नकोस. पत्रात टॉवर नंबर आणि प्रत्यक्ष अंतर लिहिलेलं असलं पाहिजे. माहिती अधिकाराचा अर्जही टाक, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून: लाइनचं नाव, सध्याचं व्होल्टेज, क्षमता वाढवण्याचा किंवा दुसरी लाइन टाकण्याचा प्रस्ताव आहे का, आणि या प्रकल्पाला ना-हरकत दिली आहे का. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे, तेवढं थांबायची तयारी ठेव.

‘दोन वर्षांत लाइन अंडरग्राउंड होणार’ हे वाक्य त्या भागातल्या प्रत्येक ब्रोकरच्या तोंडी असतं. असा प्रस्ताव खरा असेल तर मंजूर अंदाजपत्रक, पैसे भरल्याची पावती आणि कामाचा आदेश असतो. तिन्हीतलं काही दाखवता आलं नाही तर लाइन जन्मभर तिथेच आहे असं धरून चाल. शिवाय केबल जमिनीखाली गेली म्हणजे क्षेत्र संपलं असं नाही. केबलच्या अगदी वर ते तारांखालच्यापेक्षा जास्तही असू शकतं. फक्त बाजूला गेलं की झपाट्याने उतरतं.

आरोग्याचा प्रश्न वहिनींनी विचारला, तो रास्त आहे. विद्युत क्षेत्र भिंतींनी बऱ्यापैकी अडतं. चुंबकीय क्षेत्र अडत नाही, म्हणून चर्चा त्याचीच. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक मर्यादा सामान्य लोकांसाठी २०० मायक्रोटेस्ला आहे (२०१०ची), आणि कुठल्याही घरात तू तिच्या जवळपासही जाणार नाहीस. पण ती मर्यादा तात्काळ परिणामांसाठी आहे. २००० साली अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्र हिशेब झाला, त्यात सरासरी ०.३ ते ०.४ मायक्रोटेस्लाच्या वर असलेल्या घरांत मुलांच्या ल्युकेमियाचं प्रमाण साधारण दुप्पट दिसलं. त्यावरून २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने हे क्षेत्र ‘कदाचित कर्करोगकारक’, गट २बी मध्ये टाकलं. कारण मात्र प्रयोगशाळेत सापडलेलं नाही. इंग्लंडमध्ये २००५च्या अभ्यासात ६०० मीटरपर्यंत संबंध दिसला, जिथे लाइनचं क्षेत्र जवळजवळ उरतच नाही. आणि २०१४च्या पुढच्या अभ्यासात तो संबंध जुन्या दशकांपुरता राहिला, अलीकडच्या दशकांत ओसरला. म्हणून माझं मत असं की घाबरायचं कारण नाही. पण आजार मुळात दुर्मीळ असला तरी घरात तीन वर्षांची पोर असताना, पैसे तेवढेच लागणार असतील तर ०.४च्या खालचं घर निवडणं शहाणपणाचं.

ए विंगला ते जमेल असं मला वाटत नाही. क्षेत्र व्होल्टेजवर नाही, तारेतल्या करंटवर अवलंबून असतं. एका सर्किटमध्ये ३०० अँपिअर आणि तारांमध्ये पाच मीटर अंतर धरलं तर २० मीटरवर साधारण एक मायक्रोटेस्ला येतं. अंतर दुप्पट केलं की ते चौथाईवर येतं. दोन्ही सर्किटच्या फेजचा, म्हणजे तीन तारांचा, वरून खालचा क्रम उलटसुलट लावलेला असेल तर बरंच कमी होतं, सारखाच असेल तर वाढतं. हे बाहेरून कळत नाही, म्हणून मोजायचं.

मोजायला तीन अक्षांचा गॉसमीटर (चुंबकीय क्षेत्र मोजणारं यंत्र) भाड्याने किंवा एखाद्या इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरकडून मिळव. आकडे मिलिगॉसमध्ये आले तर दहाने भाग, मायक्रोटेस्ला मिळतील. जमिनीवर मोजून खूश होऊ नकोस: तुझा फ्लॅट पाचव्या मजल्यावर, तारांच्या जवळपास उंचीला, आणि तिथलं तारेपर्यंतचं सरळ अंतर खालच्यापेक्षा कमी. बेडरूममध्ये उशी येईल तिथे, हॉलच्या मध्यात आणि बाल्कनीत, जमिनीपासून मीटरभर उंच धरून वाच. घराचा मेन स्विच बंद कर, नाहीतर फ्रिज आणि पंखेच आकडा चढवतील. सकाळी एकदा आणि संध्याकाळी सात ते नऊच्या लोडच्या वेळी एकदा, तेही वेगवेगळ्या दिवशी. एका वाचनाला अर्थ नाही.

आणखी एक, जे कोणी पाहत नाही: सोसायटीचा ट्रान्स्फॉर्मर आणि मुख्य पॅनल कुठे आहे? तळमजल्यावर खोलीत ट्रान्स्फॉर्मर आणि त्याच्या डोक्यावर पहिल्या मजल्याची बेडरूम, अशी रचना असेल तर त्या घरात २२०च्या लाइनपेक्षा जास्त क्षेत्र मिळू शकतं. लाइनला भिऊन लांबच्या विंगमध्ये तोच फ्लॅट घेतलास तर आगीतून फुफाट्यात.

खरा धोका रोजच्या वापरातला आहे आणि त्याची कोणी चर्चा करत नाही. २२० केव्हीला तारेला हात लागावा लागत नाही. पुरेसं जवळ काही आलं की वीज हवेतूनच झेप घेते. लांब अ‍ॅल्युमिनियमचा दांडा, वर चढवलेली सळई, टाकीचा पाइप, ओल्या मांजाचा पतंग, यांनीच अपघात होतात. पत्र्याची शेड किंवा तारेचं कुंपण लाइनला समांतर असेल तर त्यात प्रवर्तनाने, म्हणजे तारेला न चिकटताही, वीज येते, अर्थिंग करून घेतलंच पाहिजे. पावसाळ्यात तारांची चरचर ऐकू येते, ती कोरोनाची, म्हणजे तारेभोवतीच्या हवेत वीज झिरपण्याची. झोप हलकी असेल तर एका पावसाळी रात्री तिथे जाऊन ऐक.

बँकेचा मूल्यांकन अहवाल आधी करून घे. मूल्यांकनवाला लाइनचा उल्लेख करणारच. एखाद्या बँकेने नकार दिला किंवा कर्जाचं प्रमाण कमी केलं तर तुझ्या पुढच्या ग्राहकालाही तोच अनुभव येणार. विकताना सवलत द्यावी लागेल, म्हणून घेताना ती आधी मिळवायची.

माझं म्हणणं एका ओळीत: ए विंग सोड, डी विंग बघ. नकाशावर ती लाइनपासून ७० मीटरवर आहे, म्हणजे क्षेत्र ए विंगच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. तिथे फ्लॅट थोडा महाग पडला तरी विकताना अडणार नाहीस. ‘ए विंगमध्ये दोन लाख कमी करतो’ म्हणून बिल्डर ओढेल, पण मीटरचे आकडे आणि एनओसी हातात नसताना त्याला होकार देऊ नकोस.

वाचनांचा तक्ता आणि टॉवरच्या पाटीचा फोटो आल्यावर बोलू. वहिनींना नमस्कार, छोटीला लाड.

तुझा,
विनायक