गणित बरोबर होतं, आकृती चुकली होती

प्रिय संपादक,

सदस्यनामावरून तुम्ही ताई की दादा, हे कळायला मार्ग नाही. तुमच्या चर्चापानावर, म्हणजे विकीवर सदस्याला निरोप ठेवायच्या पानावर, दोन ओळी लिहून भागलं असतं, पण तिथे तुमच्याखेरीज कोण फिरकणार? म्हणून हे जाहीर आभार.

विकिबुक्सवर, म्हणजे स्वयंसेवक मिळून मुक्त पुस्तकं लिहितात त्या विकीवर, असलेल्या आपल्या विज्ञानाच्या पुस्तकातलं, समांतर जोडणीचं ते उदाहरण. 6 ओहमचे दोन रोध, 12 व्होल्टची बॅटरी. उत्तर दिलेलं होतं: परिणामी रोध 3 ओहम, विद्युतधारा 4 अँपिअर. कुणीतरी खातं न उघडता येऊन 3 चे 12 केले, 4 चा 1 केला. बदल का केला ते लिहायची ‘सारांश’ची जागा कोरी. आता, विकीवर मजकुराला हात न लावता नुसते आकडे बदलणं हा खोडसाळपणाचा जुना प्रकार. अशा वेळी जाणत्यांचा हात थेट द्रुतमाघारीवर जातो. एक टिचकी, बदल गायब, कारण सांगायचीही गरज नाही.

तुम्ही आधी ते आकडे कुठून आले ते पाहिलंत. 6 अधिक 6 बारा, 12 भागिले 12 एक. हे तर एकसर जोडणीचं बिनचूक उत्तर! मग नजर आकृतीकडे गेली. मजकूर समांतर म्हणतोय आणि आकृतीत दोन्ही रोध एकापाठोपाठ एक. आधीच्या उदाहरणाची फाइल तशीच खाली उतरली होती. तुम्ही योग्य आकृती लावलीत, उत्तर पूर्ववत केलंत आणि सारांशात लिहिलंत: ‘आकृती एकसर जोडणीची होती. बदल करणाऱ्याचं गणित आकृतीप्रमाणे बरोबर. धन्यवाद.’ हेच त्या पाहुण्याच्या चर्चापानावरही ठेवलंत.

पुस्तकात तुम्ही याहून मोठी कामं केली आहेत. सूत्रं नीट दिसावीत म्हणून ती ज्या खुणांमध्ये (टॅगमध्ये) लिहितात, तिथे देवनागरी अक्षरं आणि अंक पडल्यामुळे जागोजागी सूत्राऐवजी लाल त्रुटीसंदेश दिसत होता. तुम्ही सूत्रात व्ही, आय, आर ही रोमन चिन्हं आणि 1, 2, 3 असे इंग्रजी अंक ठेवलेत आणि मराठी संज्ञा वरच्या ओळीत घेतल्यात. मुद्रण-आवृत्तीत सगळे धडे एका पानावर ओढले जातात, तेव्हा ‘मागील धडा, पुढील धडा’ ही पट्टी प्रत्येक धड्यागणिक छापून यायची. पट्टीभोवती ‘दुसऱ्या पानावर ओढताना हा भाग वगळा’ असं सांगणारा नोइन्क्लूड टॅग घालून तो त्रास तुम्ही संपवलात. हे सगळं मोलाचं आहेच. पण ते शिकून कुणालाही जमेल. अनोळखी माणसाच्या चुकीच्या दिसणाऱ्या उत्तरामागे विचार असू शकतो, एवढा त्याचा मान ठेवणं हे मात्र कुठल्या साहाय्यपानावर शिकवत नाहीत. मुलांच्या वह्या तपासतानाही किती जण ठेवतात?

आणि तुमच्या आधीचे मदतनीस! कार्यशाळा झाली, बॅनर लागला, प्रमाणपत्रं वाटली गेली, ग्रुप फोटो निघाला. मागे राहिली धड्यांची पानं: वर शीर्षक, खाली ‘प्रस्तावना’ हा मथळा आणि त्याखाली काहीच नाही. काहींनी तर कामाचा आकडा फुगवायला पाठ्यपुस्तकातला मजकूर उचलून चिकटवला. बालभारतीची पीडीएफ फुकट उतरवून घेता येते, म्हणून तिच्यातला मजकूर मुक्त होत नाही; हक्क मंडळाकडेच राहतात. विकिबुक्सचा मजकूर सीसी बाय-एसए परवान्याखाली जातो, म्हणजे श्रेय देऊन आणि तोच परवाना ठेवून कुणीही तो छापून विकूसुद्धा शकतो. दुसऱ्याच्या मालकीच्या ओळींवर अशी परवानगी आपण कोण देणार? त्यामुळे तो मजकूर काढावाच लागला. वाईट याचं की त्याच परिच्छेदांवर नंतर कुणी प्रामाणिकपणे केलेल्या दुरुस्त्याही त्याबरोबर गेल्या.

विकिबुक्स जुलै 2003 मध्ये सुरू झालं, तेव्हापासून तिथल्या जवळपास प्रत्येक भाषेचं दुखणं एकच: पुस्तक सुरू करणारे पुष्कळ, धडा पुरा करणारे थोडे. पण असे प्रकल्प तडीला जातात हेही खरं. दक्षिण आफ्रिकेत 2002 मध्ये स्वयंसेवकांनी शालेय विज्ञानाची मुक्त पुस्तकं लिहायला घेतली. त्याच कामातून सियावुला ही संस्था उभी राहिली आणि 2012 मध्ये तिची गणित आणि भौतिक विज्ञानाची पुस्तकं सरकारने छापून शाळांत पोचवली. तिथवर जायला लेखक तर लागतातच, पण इतरांच्या चुका न रागावता वाचणारेही लागतात. अशी माणसं मराठीत आहेत, एवढं तुमच्यामुळे ठामपणे सांगता येतं.

तो पाहुणा परत आला की नाही, कळलेलं नाही. खातं नसलेल्याचा माग लागत नाही.

मनापासून आभार.

आपले,
पुस्तकाचे सहसंपादक

ता. क. त्याच धड्यातलं फ्यूजचं उदाहरण अजून अडलेलं आहे. 230 व्होल्टवर 2000 वॉटचा गीझर, म्हणजे साधारण 8.7 अँपिअर, तरी उत्तरात 5 अँपिअरची फ्यूज दिली आहे. ती लावली तर वितळणारच. 10 अँपिअर करावी असं आमचं मत आहे, पण आकृतीतही 5 च लिहिलंय आणि फाइल एसव्हीजी आहे, म्हणजे ते चित्र वेगळं उघडून बदलावं लागेल. सवडीने बघाल का?