काजूच्या हंगामाआधी गोचिडांचा बंदोबस्त हवा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दोडामार्ग, बांदा परिसरात वानर किंवा माकड मरून पडल्याचे कळले की तेथे कीटकनाशक पावडर मारली जाते आणि मग गावोगावी माकडतापाची जनजागृती सुरू होते. हे आवश्यकच आहे, परंतु उशिराचे आहे. कारण माकड हे या रोगाचे मूळ नसून आपल्यासारखाच त्याचा बळी आहे. १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडतापाचा विषाणू प्रथम सापडला. त्याचा मुख्य वाहक म्हणजे हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा ही गोचीड. २०१५ मध्ये गोव्यातील सत्तरीत आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गात या तापाची साथ आली, तेव्हापासून तरी या गोचिडीचे वेळापत्रक आपल्याला पाठ असायला हवे होते.

पावसाळ्यात गुरांचे रक्त पिऊन गळून पडलेली मादी पाचोळ्यात अंडी घालते. पाऊस सरल्यावर त्यांतून निघालेली बारीक पिल्ले उंदीर, चिचुंदऱ्या, ससे, रानकोंबडे अशा जमिनीलगत वावरणाऱ्या प्राणी-पक्ष्यांच्या अंगावर पोसतात, आणि थंडीपासून मेपर्यंत टाचणीच्या डोक्याएवढी तिची पुढची अवस्था पाचोळ्यात टपून असते. माणसाला प्रामुख्याने चावते ती हीच. नेमक्या त्याच दिवसांत काजूच्या बागांत बाया वाकून, हाताने पाचोळा सारत पडलेले बोंडू उचलतात आणि पिळून बी वेगळी करतात. चावा अनेकदा जाणवतही नाही. काही दिवसांनी एकाएकी ताप भरतो, डोके फुटते, अंग मोडून येते, तेव्हा बागेची आठवण होते.

कर्नाटकात अनेक वर्षे दिली जाणारी जुनी लस पुरेशी परिणामकारक नसल्याने बंद झाली आहे आणि या विषाणूवर खास औषध नाही. म्हणजे चावा टाळणे एवढेच हाती उरते. असे असताना गोचिडी दूर ठेवण्यासाठी अंगाला लावायचे डेपा तेल आमच्या वाडीत पोहोचले ते निम्मी बी गोळा होऊन गेल्यावर! (मजूर बाया तोवर खोबरेल तेलावरच भिस्त ठेवून होत्या.) हे तेल नोव्हेंबरअखेर ग्रामपंचायतींमार्फत बागायतदार आणि मजुरांच्या हाती पडावे, आणि रानात चरून येणाऱ्या गुरांवर गोचीडनाशक फवारण्याची जबाबदारी पशुसंवर्धन विभागाने पावसाळ्यातच उचलावी. आरोग्य, वन आणि पशुसंवर्धन या तिन्ही खात्यांची त्यासाठीची तालुका बैठक माकड मरण्याची वाट न पाहता जूनपूर्वी व्हावी, ही विनंती.

आपला,
एक काजू बागायतदार, दोडामार्ग